चारशे ग्रॅम

त्या अमावस्येला पाणी पार मागे सरलं होतं,
जाळीचे खुंट उघडे पडले होते,
आणि माझ्याच रांगेत, सातव्या खुंटापाशी,
एक बॅटरी लागली नि विझली.

मी मचाणावरून उतरले. शिट्टी गळ्यात होती.
वाजवली नाही.
परका माणूस चिखलात टाच रुतवतो,
आपला बोटांवर चालतो,
आणि तू, मासीलाही, डावा पाय किंचित ओढतोस.
त्या पायातला पाकटाचा काटा
मीच दातांनी उपटला होता,
तू सहा वर्षांचा असताना.

तांदळाच्या पोत्यात अकरा होत्या.

समुद्रकाकडी. हिला डोळे नाहीत, तोंडवळा नाही.
दिवसा वाळूत पुरून घेते,
रात्री वर येऊन वाळूच खाते, वाळूच टाकते,
जरा स्वच्छ करून.
बोटाएवढी असते तेव्हा तुलिआराहून बादलीत येते,
आणि चारशे ग्रॅम भरली की
उकडून, वाळवून, पेटीत बसून
अशा देशात जाते जिथे ती लग्नात वाढतात.
आम्ही एकदा शिजवून पाहिली.
रबरी चपलेला मीठ लावावं, तशी.

तुझ्या आजोबांना त्या गुडघाभर पाण्यात मिळायच्या.
तुझ्या बापाला मिळेनात,
म्हणून तो पाठीला टाकी बांधून खोल गेला,
आणि वर आला तो कमरेखाली मेलेला.
अजून दारात बसून जाळी विणतो.
सुंदर विणतो.
माझ्या कुंपणाची जाळी त्याच्याच हातची,
हे तुला त्या रात्री ठाऊक होतं का,
मी विचारलं नाही.

आमच्या लोकांचं नावच मुळी ‘वल्हव’.
वेझो, म्हणजे वल्हव.
आणि मी एका जागी उभी, हातात दंडुका,
समुद्राच्या चौकोनी तुकड्याला माझं म्हणत.
सासू म्हणायची, समुद्राला दार लावणारी सून मिळाली मला.
लावलं खरं. त्या दारातून
दोन मुलींच्या शाळेची फी आत आली,
पत्रा आला, आणि एक बोकड.

मी काटा काढला. बॅटरी तू धरलीस.
तीनशे दहा.
दोनशे नव्वद.
तीनशे पंचेचाळीस.
तुझा हात हलत होता, आकडे नीट दिसेनात.
दोनशे साठ.
‘मावशी, व्यापारी लहानही घेतो,’ तू म्हणालास,
‘अर्ध्या भावात.’
घेतो ना. तुझ्या आजोबांकडूनही घ्यायचा.
अर्ध्या भावातच संपला तो समुद्र.

अकराही जणी मी परत वाळूवर ठेवल्या,
पोट खाली, पाठ वर,
जशी लेकरं निजवतात.
मग शिट्टी वाजवली.
तू पळाला नाहीस. ते मात्र
मी सभेत सगळ्यांना सांगितलं.

दिना म्हणजे गावानं गावालाच घातलेली आण.
चोरीला दंड एक बोकड.
तुझ्याकडे बोकड नव्हता.
सोडायला मी माझाच घेऊन गेले,
तर रुझेलीनने वहीत तुझं नाव लिहिलं,
माझं नाही. बरोबरच आहे.
भाऊजी जाळीवरून मान वर न करता म्हणाले,
दोरा संपलाय.

तू शिडाची लाका घेऊन उत्तरेला गेलास,
शार्कचे पंख कापायला, असं ऐकते.
भाव या महिन्यात पडलाय.
वादळानं दोन कुंपणं नेली,
नवी बादली कधी येते कुणास ठाऊक.

परवा माझ्या रांगेतली एक
तीनशे नव्वद भरली.
तोंडवळा नाही, त्यामुळे सांगता येत नाही
तुझ्या पोत्यातली हीच का.
रुझेलीन म्हणाली, दहा ग्रॅमचं काय एवढं, टाक टोपलीत.
मी पाण्यात सोडली.
खाऊ दे तिला वाळू, अजून थोडी.